नानांच्या नावाचं लॉगिन

"नाना, ओटीपी आला का?"

"थांब जरा, हात खरकटा शे."

हिलालनाना सोनगीरला पुतण्याच्या लग्नात होते. फोनमधून बँड ऐकू येत होता, आणि कुणीतरी ओरडत होतं, "बट्टी इकडे आणा रे, बट्टी!" नानांनी डाव्या हाताने फोन धरला असणार. सहा आकडे त्यांनी एकेक करून सावकाश सांगितले. मी जळगावच्या ऑफिसात बसून ते टाइप केले. स्क्रीन उघडली.

"मिळाला?"

"मिळाला. जेवा तुम्ही निवांत."

"तू जेवलीस का माय?"

"जेवते हो. एवढं उरकलं की लगेच."

एवढं म्हणजे धुळ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या सर्व्हरवरचं किरकोळ काम. दहा मिनिटांचं. त्या दहा मिनिटांत नानांची नोकरी गेली, आणि ती दहा मिनिटं माझी होती. आधीच सांगून टाकते. नाहीतर शेवटपर्यंत मी स्वतःला चांगलं दाखवत बसेन. मला ती सवय आहे.

आमची कंपनी छोटी. जळगावला मुख्य ऑफिस, धुळ्याला एक खोली. काम काय, तर लोकांचे सर्व्हर सांभाळायचे. सर्व्हर म्हणजे ज्या मोठ्या कॉम्प्युटरवर एखाद्या धंद्याचं सगळं साठलेलं असतं तो. अमळनेरची तेल मिल, कापसाच्या दोन जिनिंग मिल, केळीचं एक कोल्ड स्टोरेज, चार-पाच दवाखाने, ही लॅब. असे चाळीसेक सर्व्हर आमच्या गळ्यात. पूर्वी धुळ्याचा सर्व्हर अडला की जळगावहून एसटी धरायची. तिथे पोचून एक बटण दाबायचं, साहेबांचा चहा प्यायचा आणि परत यायचं. अख्खा दिवस जायचा. मग रिमोट मॅनेजमेंट टूल आलं. आता जळगावात बसून धुळ्याच्या सर्व्हरची नाडी बघता येते. डिस्क भरत आलीय का, बॅकअप झाला का, सगळं समोर दिसतं. शिरून दुरुस्तीही करता येते.

हे टूल एका परदेशी कंपनीचं. सुरुवातीला एकदा विकत घेतलं की आपलं, असा कारभार होता. मग त्यांनी ते भाड्याने द्यायला सुरुवात केली. दरवर्षी पैसे भरा, नाहीतर बंद. आणि भाडं माणसागणिक. जितके इंजिनिअर टूल वापरणार तितकी लायसन्स. आम्ही पाच जण, म्हणून पाच. भाडं दरवर्षी थोडं थोडं वाढायचं, आम्ही कुरकुरत भरायचो. एका वर्षी ती कंपनी दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली आणि रिन्यूअलचा आकडा आला जवळजवळ तिप्पट. तोही डॉलरमध्ये, वर जीएसटी.

महाजन सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर म्हणजे आमचे मालक. माणूस वाईट नाही. खर्चाला घाबरणारा आहे. ऑफिसमधून शेवटी तेच निघतात, कारण पंखे बंद झालेत हे त्यांना स्वतः बघायचं असतं.

"वैशाली, हे काय आहे?"

"रिन्यूअल आहे सर."

"रिन्यूअल आहे का नवीन गाडीचं कोटेशन?"

मी हसले. सर हसले नाहीत.

"काहीतरी काढ यातून. तुझं डोकं चालतं."

माझं डोकं चालतं हे वाक्य माझ्यासमोर उच्चारायचं नाही. मग ते कुठेही चालतं. मी दोन दिवस बसून एक्सेल शीट केलं. तीन रस्ते होते. पहिला, क्लायंटकडून थोडे जास्त पैसे मागायचे. सर म्हणाले, "पळतील." एकालाही फोन करून विचारलं नाही. त्यांनी नाही आणि मीही नाही. दुसरा, फुकट मिळणारं एक टूल शिकून त्यावर सगळं हलवायचं. त्याला दोन-तीन महिने एक माणूस बाजूला बसवावा लागला असता. सर म्हणाले, "कोणाला बसवू?" तिसरा माझा लाडका होता, म्हणून मी तो हिरव्या रंगात रंगवला होता.

"सर, आपण पाच जण एकाच वेळी टूलमध्ये असतो का? नसतो. दोन लायसन्स घेऊ. आलटून पालटून वापरू."

"चालतं असं?"

"चालवून घ्यायचं."

कराराच्या कागदात स्पष्ट लिहिलं होतं की एका लायसन्सवर एकच माणूस, लॉगिन दुसऱ्याला द्यायचं नाही. मी ते वाचलं होतं. न वाचता केलं असतं तर नुसती मूर्ख ठरले असते. सरांनी त्या दिवशी सगळ्यांना कचोरी मागवली. "याला म्हणतात डोकं," असं चार माणसांत म्हणाले. मी दोन कचोऱ्या खाल्ल्या. आमची आई म्हणायची, दात कोरून पोट भरत नाही. पण आईला एक्सेल येत नव्हतं ना.

दोनपैकी एक लायसन्स सरांच्या नावावर केलं. मालकाचं नाव हवं, असं त्यांचं म्हणणं. महिन्यातून दोनदा ते टूल उघडायचे, रंगीत आलेख बघायचे आणि बंद करायचे. म्हणजे खरं कामाचं लॉगिन एकच उरलं. ते कुणाच्या नावावर करायचं? लॉगिन करताना मोबाईलवर ओटीपी येतो, सहा आकड्यांचा. तो दर वेळी वेगळा असतो आणि अर्ध्या मिनिटात टाकावा लागतो. म्हणजे ज्याच्या नावावर लॉगिन, त्याला दिवसभरात पंधरा-वीस फोन येणार. असा माणूस पाहिजे की जो फोन उचलतो आणि चिडत नाही.

ऑफिसात असा एकच माणूस होता.

हिलालनाना शिंदखेड्याचे, राहायलाही तिथेच. आधी टीव्ही दुरुस्त करायचे. चाळिशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकले, आमच्याकडे आले आणि धुळ्याची खोली त्यांच्या ताब्यात आली. आम्ही डिग्रीवाले पडद्यावर शोधत बसायचो तेव्हा नाना सर्व्हरच्या पेटीला कान लावून सांगायचे, "याचा पंखा मरायला आलाय." आणि तो मेलेलाच असायचा. वयाने आम्हा सगळ्यांपेक्षा मोठे. मी विचारलं, "नाना, तुमच्या नावावर करू का लायसन्स?" तर म्हणाले, "कर ना. मन्हा नावले काय सोनं लागेल शे?"

मग सुरू झाला आमचा तो कारभार. नाना देवळात, ओटीपी. नाना दाढी करताना, ओटीपी. एकदा बायकोला घेऊन दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, तिथूनही ओटीपी. एका वेळी एकालाच आत राहता यायचं. दुसरा शिरला की पहिला आपोआप बाहेर फेकला जायचा. म्हणून ऑफिसात ओरडा चालायचा, "नानांमध्ये कोण आहे?" "मी आहे, पाच मिनिटं." बाहेरच्याने ऐकलं तर त्याला वाटावं इथे अंगात येतं लोकांच्या. आम्ही हसायचो, नानाही हसायचे. सहा-सात महिने छान गेले. वाचलेल्या पैशांतून सरांनी ऑफिसला रंग दिला.

आता तो बुधवार.

लॅबचं रिपोर्टचं सॉफ्टवेअर आदल्या रविवारी अपडेट केलं होतं. असं काही करण्याआधी आम्ही स्नॅपशॉट घेतो. स्नॅपशॉट म्हणजे सर्व्हरचा त्या क्षणाचा फोटो. अपडेटने काही बिघडलं तर सर्व्हरला त्या फोटोपाशी परत नेता येतं. सगळं नीट चाललंय असं दिसलं की तीन-चार दिवसांनी तो फोटो पुसून टाकायचा, नाहीतर डिस्क भरते. पुसण्याला म्हणतात डिलीट. परत नेण्याला म्हणतात रिव्हर्ट. मेनूमध्ये दोन्ही शब्द एकाखाली एक असतात.

मला डिलीट करायचं होतं.

मी आत शिरले आणि दोन मिनिटांत शेजारच्या खुर्चीवरून किरण सुरू झाला. "मॅडम, झालं का? अमळनेरच्या मिलचं बिल छापेना. टँकर भरून उभा आहे, मॅनेजर बोंबलतोय."

"दोन मिनिटं."

"मी शिरू का? तुम्ही नंतर परत या."

"अरे, परत यायला परत ओटीपी लागेल. नाना पंगतीत आहेत. त्यांना दोन घास तरी खाऊ दे."

बघा, किती काळजी होती मला नानांची.

किरणचा फोन पुन्हा वाजला. मी त्याच्याकडे बघत बघतच माऊस दाबला. स्क्रीनने विचारलं, नक्की का? मी म्हटलं, हो बाबा, नक्की. ते असं विचारतच असतात. मग पडद्यावर पट्टी सरकायला लागली आणि तिच्यावर शब्द होता रिव्हर्ट. ती पट्टी थांबवता येत नाही. मी रद्दचं बटण शोधत राहिले. तिथे ते नव्हतंच.

लॅबचा चालता सर्व्हर मागे रविवारच्या फोटोपाशी जाऊन बसला. सोमवार, मंगळवार आणि बुधवारची सकाळ, सगळं पुसलं.

बॅकअप होता, देवाची कृपा. मंगळवारी रात्रीपर्यंतचं सगळं आम्ही संध्याकाळी पाचपर्यंत परत आणलं. पण बुधवारची सकाळ गेली ती गेलीच. रक्त तपासणाऱ्या मशीनमध्ये आकडे होते, नळीवरचे नंबरही होते. कोणता नंबर कोणत्या माणसाचा हे मात्र फक्त सर्व्हरला माहीत होतं. धुळ्यात काउंटरवर पावत्यांच्या प्रती होत्या, त्यावरून निम्म्यांची जुळवाजुळव झाली. तालुक्याच्या सेंटरवरून आलेल्या नळ्यांचं काहीच करता येईना. त्या लोकांना फोन करून परत बोलवावं लागलं. परत उपाशीपोटी, परत सुई.

सहा वाजता नानांचा फोन आला. "काय झालं माय? सरांचा फोन होता. म्हणे उद्या लॅबमध्ये मीटिंग आहे, तुम्ही पाहिजे. सगळं ठीक शे ना?"

मी म्हणाले, "उद्या बोलू नाना."

तेव्हाच सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं हो. 'नाना, माझ्या हातून लॅबचा सर्व्हर उलटला आणि लॉगमध्ये तुमचं नाव आहे.' एवढंच. मी ते मनात जुळवलं आणि गिळून टाकलं.

कारण तोवर सरांच्या केबिनमध्ये बोलणं झालं होतं. लॅबच्या मालकीण डॉ. सोनवणे मॅडम. त्यांचा मेल आला होता, की नेमकं कुणी, किती वाजता, काय केलं याचा लॉग द्या. लॉग म्हणजे टूल आपोआप ठेवतं ती नोंद.

"लॉगमध्ये नाव कुणाचं आहे?" सरांनी विचारलं.

"नानांचं. पण सर, मी होते."

"ते मला माहीत आहे, तुला माहीत आहे. लॉगला माहीत आहे का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मॅडमच्या करारात काय लिहिलंय? प्रत्येक इंजिनिअरचं स्वतंत्र लॉगिन. आपण सही केलीय त्यावर. आता सांगितलं की आमचे पाच जण एकाच लॉगिनवर आहेत, तर लॅब जाईल. तिकडून टूलवाले दंड लावतील. बाकीचे क्लायंट विचारायला लागतील. मग तुझा पगार कुठून देऊ, किरणचा कुठून देऊ? आणि नानांचा तरी?"

"पण सर, नाना..."

"नानांना मी सांभाळतो. त्यांना कोण काय म्हणणार आहे? देवमाणूस आहे."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. त्या क्षणी मला काय वाटलं तेही सांगते. मला हायसं वाटलं. अगदी खरं. पाठीवरून पोतं उतरल्यासारखं. नंतर लाज वाटली, पण पहिलं हायसंच वाटलं. आणि लॅबला द्यायचा रिपोर्टही मीच लिहिला. 'श्री. हिलाल यांच्या लॉगिनमधून दुपारी साडेबाराच्या सुमारास चुकीची आज्ञा दिली गेली.' दिली गेली! कुणी दिली? मराठीत असं लिहिता येतं ही मोठी सोय आहे.

दुसऱ्या दिवशी सरांच्या गाडीतून धुळ्याला गेलो. नाना लॅबच्या पायऱ्यांवर उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मला बघून म्हणाले, "रात्री झोपली नाही वाटतं." मी बॅगेतून लॅपटॉप काढायला लागले. काढायचं काही कारण नव्हतं.

सोनवणे मॅडम नानांना वीस वर्षं ओळखत होत्या. त्यांच्या लॅबमधला पहिला कॉम्प्युटर नानांनी बसवला होता. आमच्या कंपनीला हे काम मिळालं तेही नानांमुळेच. मॅडमनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "नाना, तुम्ही?"

नानांनी कागद हातात घेऊन त्यावरचं आपलं नाव वाचलं.

"काल दुपारी तुम्ही होता कुठे? जळगावच्या ऑफिसला फोन केला तर म्हणे सुट्टीवर."

नाना म्हणाले, "सोनगीरला होतो मॅडम. लग्नाला."

आता खरं बाहेर येणार असं मला वाटलं. पंगतीत बसलेला माणूस सर्व्हर कसा चालवेल? पण सर मध्येच म्हणाले, "तेच झालं ना मॅडम. मोबाईलवरून करायला गेले. नानांना वाटलं काम अडू नये. घाईत बोट चुकलं."

मी सरांकडे बघितलं. हे आमचं ठरलं नव्हतं. पण मी तोंड उघडलं नाही.

मॅडमचा आवाज चढला. "पंगतीत बसून? माझ्या लॅबच्या सर्व्हरला तुम्ही लग्नातून हात लावलात नाना? सातपुड्याच्या पायथ्याहून एक बाई आली होती. मजुरी बुडवून, रात्रीपासून उपाशी. तिला आज परत बोलावलंय. ती मला विचारते, 'काल काढलेलं रक्त काय केलं तुम्ही?' काय सांगू मी तिला?"

नानांनी एकदा माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. ओटीपी सांगून झाला की समोरचा 'मिळाला' म्हणेपर्यंत ते फोनवर थांबायचे तसं, एवढंच. त्यांच्या फोनमध्ये माझा कॉल होता, वेळेसकट. तो दाखवला असता तर तिथेच सगळं संपलं असतं. त्यांनी फोन खिशातून काढला नाही.

"चूक झाली मॅडम," नाना म्हणाले.

मॅडमनी करार तोडला नाही. एकच अट घातली, हा माणूस माझ्या सर्व्हरच्या आसपास नको.

धुळे केवढंसं! एका दवाखान्यातली गोष्ट दुसऱ्या दवाखान्यात जायला एक चहा पुरतो. आठ दिवसांत दोन क्लायंटनी विचारलं, "ते लग्नातून सर्व्हर उडवणारे नाना तुमच्याकडेच आहेत का?" नाना ज्या दवाखान्यात जायचे तिथे कंपाउंडर हसायला लागले. सरांनी नानांना सांभाळलं ते असं, की धुळ्याहून काढून जळगावच्या स्टोअरमध्ये बसवलं. प्रिंटरची शाई आणि केबल मोजायला. रोज शिंदखेडा ते जळगाव जाऊन येऊन. सर्व्हरला कान लावणारा माणूस शाईच्या डब्या मोजत होता. मी रोज त्या दारावरून जायचे. "काय नाना?" म्हणायचे. ते म्हणायचे, "बठ्ठं ठीक शे." दीड महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. कारण लिहिलं, जाण्यायेण्याचा त्रास होतो.

आणि त्यांचं लायसन्स रिकामं झालं. ते माझ्या नावावर करायचा फॉर्म मीच भरला.

पुढच्या वर्षी रिन्यूअलचा आकडा आणखी वाढून आला. सरांनी बोलावलं. "काहीतरी काढ यातून."

मी म्हणाले, "आता माझ्या डोक्यातून काही निघणार नाही सर. नानांच्या जागचा नवा मुलगा धरून पाच माणसं आहेत, पाच लायसन्स घ्या. नाहीतर माझ्या जागी दुसरं माणूस शोधा, मी जाते."

"पैसे?"

"क्लायंटकडे मागू."

"पळतील."

"विचारून तर बघू."

मी एकेकाला फोन लावले. टूल महागलंय, दर महिन्याला एवढे वाढतील, चालेल का? तेल मिलवाले म्हणाले, "तेलाचे भाव आम्ही वाढवतो तेव्हा तुम्हाला विचारतो का? पाठवा बिल." एका जिनिंगवाल्याने अर्धा तास घासाघीस केली आणि हो म्हणाला. पळालं कुणीच नाही. एका दुपारी सगळे फोन झाले. जी दुपार आदल्या वर्षी मी हिरवा रंग भरण्यात घालवली होती.

सोनवणे मॅडमना मात्र फोन केला नाही. धुळ्याला गेले. पैशांचं बोलणं दोन मिनिटांत झालं. त्या म्हणाल्या, "हे आधी का नाही विचारलंत?" आणि मला पुढे गप्प बसवेना. बुधवार, पंगत, ओटीपी, किरण, रिव्हर्ट, सगळं सांगितलं. रिपोर्ट मीच लिहिला हेही सांगितलं.

मॅडमनी हातातला पेपरवेट बाजूला ठेवला.

"मी लॉग मागितला तो कुणाला काढायला नव्हता मागितला," त्या म्हणाल्या. "पुन्हा होऊ नये म्हणून मागितला. तुम्ही सगळे एका लॉगिनवर आहात हे कळलं असतं तर तुमच्या सरांना चार शब्द सुनावले असते आणि लायसन्स घ्यायला लावली असती. बास. तुम्ही मला माणूस दिलात, मी माणसाला धरलं." मग म्हणाल्या, "माझ्या दारात नको म्हटलं हो मी त्यांना. वीस वर्षांची ओळख. त्यांना कोण सांगणार, तुम्ही का मी?"

"मी."

तिथूनच शिंदखेड्याची एसटी धरली. नाना घराच्या ओट्यावर एक मिक्सर उघडून बसले होते. अक्का, त्यांच्या मिसेस, पाणी घेऊन आल्या. मी पेला तसाच हातात धरून बोलायला सुरुवात केली. मॅडमना सगळं सांगितलंय, तुमचं नाव साफ झालंय, सरही म्हणतील परत या, लॅब तर तुम्हालाच मागेल. एका दमात बोलले. बोलता बोलता रडायला आलं, त्याची लाज वाटली, तरी रडलेच.

नाना मिक्सरचा स्क्रू पिळत होते. म्हणाले, "रडस कसाले? पाणी पी."

"तुम्हाला माहीत होतं ना मीच होते ते?"

"तुलाच तर ओटीपी दिला होता. बट्टी हातात होती मन्ही."

"मग सांगितलं का नाही त्या दिवशी?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो." त्यांनी स्क्रू वाटीत टाकला. "पायऱ्यांवर वाटलं, आता सांगेल. आत वाटलं, आता सांगेल. मग स्टोअरच्या दारावरून जायचीस, तेव्हाही वाटायचं."

मी हातातला पेला खाली ठेवला.

"मला एकच लागलं वैशाली," नाना म्हणाले. "तू म्हणाली असतीस, नाना, माझी चूक आहे, पण कंपनी अडचणीत आहे, तुमच्या नावावर घेता का? तर मी घेतली असती. हसत घेतली असती. म्हाताऱ्याला काय? पण ओटीपीसुद्धा तुम्ही मला विचारून घ्यायचात. नाव मात्र न विचारता घेतलं."

अक्कांनी चहा आणला. नाना परत येणार नव्हते. मी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा मान हलवली. मॅडमनी आठवड्याने स्वतः जाऊन त्यांची माफी मागितली, तेव्हाही नाही म्हणाले. सरांना मी सगळं सांगितलं. सर फक्त म्हणाले, "बरं केलंस," आणि पंखे बंद करायला उठले, भर दुपारी.

आता आमच्याकडे प्रत्येकाचं स्वतःचं लॉगिन आहे. टूलचं भाडं दरवर्षी वाढतं, आम्ही दरवर्षी क्लायंटना सांगतो. एकदोन कुरकुरतात, भरतात. नवीन माणूस कामाला आला की पहिल्या दिवशी मी त्याला सांगते, चुका होतील, कर, पण स्वतःच्या लॉगिनने कर. पोरं हसतात. एखादा विचारतो, "का मॅडम, आधी कुणी दुसऱ्याच्या लॉगिनने केली होती का?"

मग मी माझं नाव सांगते.